सिनेमाच्या रिसीव्हरशेजारी गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर

घरात सिनेमासाठी ५.१ किंवा ७.१ चा, म्हणजे पाच-सात स्पीकर आणि एक सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) सांभाळणारा रिसीव्हर आहे, समोरचे दोन उभे स्पीकरही चांगले आहेत, पण त्यावर गाणं ऐकताना मन रमत नाही. ही तक्रार ओळखीतल्या बऱ्याच घरांतून माझ्यापर्यंत येते. माझं उत्तर ठरलेलं आहे: रिसीव्हर बदलू नका, त्याच्या शेजारी एक स्टिरिओ इंटिग्रेटेड (इनपुट, व्हॉल्यूम आणि ताकद एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प्लिफायर आणा. मात्र जोडणी अशी करा की गाण्याच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर हा घरमालक आणि रिसीव्हर हा सिनेमापुरता आलेला पाहुणा. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

बरेच जण इथे पॉवर अ‍ॅम्प (नुसती ताकद देणारा डबा) घेऊन मोकळे होतात. रिसीव्हरच्या प्री-आउटला, म्हणजे ताकद मिळण्याआधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या भोकाला, पॉवर अ‍ॅम्प जोडला की ताकद वाढते, पण गाणं अजून रिसीव्हरच्याच पोटातून येतं. तोच व्हॉल्यूम, तेच डिजिटल रूपांतर, तेच सराउंडचे मोड. आणि ताकदीचं म्हणाल तर ४० वॉटचे ८० वॉट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एक वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला तिथेच ९६ डेसिबल द्यायला ८ वॉट पुरतात. दिवाणखान्यात गाणं ऐकायला वॉट कमी पडतात असं सहसा होत नाही. इंटिग्रेटेड घेतला की सीडी प्लेअर, स्ट्रीमर किंवा टर्नटेबल थेट त्याला जोडता येतो आणि रिसीव्हर बंद ठेवून गाणं ऐकता येतं. मला त्यातच खरा फायदा दिसतो.

विकत घेण्याआधी मागची बाजू बघा

पहिल्यांदा रिसीव्हरची. तिथे ‘प्री आउट’ या नावाखाली ‘फ्रंट एल’ आणि ‘फ्रंट आर’ अशी आरसीएची दोन भोकं हवीत. डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एच किंवा मरांट्झ सिनेमा ५० सारख्या रिसीव्हरवर सगळ्या चॅनलचे प्री-आउट असतात. स्वस्त रिसीव्हरवर मात्र पुष्कळदा फक्त सबवूफरचा असतो. ‘झोन २’ चा प्री-आउट दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो दुसऱ्या खोलीसाठी असतो, सिनेमातले समोरचे दोन चॅनल त्यातून मिळतील असं धरून चालू नका.

मग अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू. हवी ती सोय वेगवेगळ्या नावांनी येते: ‘एचटी बायपास’ (एचटी म्हणजे होम थिएटर), ‘मेन इन’, ‘पॉवर अ‍ॅम्प इन’. यामाहा ए-एस१२०० वर ‘मेन इन’ आहे, मरांट्झ पीएम८००६ वर ‘पॉवर अ‍ॅम्प इन’. या भोकात आलेला सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमला वळसा घालून थेट शेवटच्या टप्प्यात जातो आणि व्हॉल्यूम रिसीव्हरच्या हातात राहतो. म्हणूनच एक ताकीद: इथे सीडी प्लेअर किंवा फोन कधीही जोडू नका. पूर्ण ताकदीने आवाज येईल आणि ट्विटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) जळू शकतो. जुन्या काही अ‍ॅम्प्लिफायरवर ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ यांच्यात धातूचा यू आकाराचा तुकडा घातलेला असतो. तो काढला की ‘मेन इन’ मोकळं होतं, पण मग अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा प्री भागही तुटतो. गाण्यासाठी तो तुकडा पुन्हा घालावा लागतो, म्हणजे रोजची कटकट. शक्यतो बटणाने बदलणारं मॉडेल घ्या.

जोडणी

दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढा. नुसतं स्टँडबाय पुरत नाही.

समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा रिसीव्हरवरून सोडवा आणि अ‍ॅम्प्लिफायरला लावा. सेंटर आणि मागचे स्पीकर होते तिथेच राहू द्या. या दोन स्पीकरची आता रिसीव्हरशी एकही तार राहता कामा नये. एकाच स्पीकरला दोन अ‍ॅम्प्लिफायरची आउटपुट एकत्र जोडली की त्यातलं एक तरी मरू शकतं, दुसरं बंद असलं तरीही. तार सोलताना एखादा तांब्याचा केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला चिकटत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात बघा. मी तारेचं टोक पीळ देऊन बनाना प्लगमध्ये घट्ट करते आणि मग हलकेच ओढून बघते. तारेसाठी साधी दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर भरपूर झाली.

मग रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या बायपासपर्यंत आरसीएची जोडी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारी चांगल्या पिनांची साधी केबल पुरते. हजारो रुपयांच्या केबलऐवजी तोच पैसा स्पीकरच्या स्टँडवर घाला. शेवटी सीडी प्लेअर, स्ट्रीमर किंवा टर्नटेबल थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला.

चालू करताना रिसीव्हर आधी, अ‍ॅम्प्लिफायर नंतर. बंद करताना उलटं. मधला ‘ठप्प’ आवाज स्पीकरपर्यंत पोचत नाही.

कॅलिब्रेशन पुन्हा, टाळाटाळ न करता

समोरच्या दोन चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर बदलला की त्यांचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) बदलतो, सेंटरचा मात्र तोच राहतो. त्यामुळे सिनेमातले संवाद दबतात, संगीत अंगावर येतं. रिसीव्हरसोबत आलेला माइक लावा आणि ऑडिसी, वायपीएओ अशी स्पीकर जुळवणारी जी सोय असेल ती पहिल्यापासून चालवा. मग मेनूत जाऊन समोरच्या दोघांची पातळी वाचा. ती अगदी तळाला, ऑडिसीत उणे १२ डेसिबलवर, टेकली असेल तर रिसीव्हरला आणखी कमी करायला जागा उरली नाही असं समजा. बायपास नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर हे पुष्कळदा दिसतं.

असा अ‍ॅम्प्लिफायर आधीच घरात असेल तरी चालतं. प्री-आउट त्याच्या ‘ऑक्स’ इनपुटला जोडा, व्हॉल्यूमची एक जागा ठरवा, तिथे बारीकशी खूण करा आणि कॅलिब्रेशन त्या खुणेवर करा. सिनेमा बघताना व्हॉल्यूम दर वेळी त्याच खुणेवर हवा. रात्री मोठ्याने गाणं ऐकून सकाळी तसाच टीव्ही लावला की दणका बसतो. व्हॉल्यूमचा आकडा दाखवणारा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर हे सोपं जातं.

गुणगुण

सगळं जोडल्यावर स्पीकरमधून ५० हर्ट्झची जाड घुम्म ऐकू आली तर अ‍ॅम्प्लिफायरला दोष देण्याआधी केबल टीव्हीची किंवा डिशची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घुम्म थांबली तर वाट तिथून आहे. त्या वायरवर आयसोलेटर बसवा आणि सगळी यंत्रं एकाच सॉकेटवरून चालवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. गुणगुण जाईल, पण यंत्रात बिघाड झाला तर धातूच्या डब्याला हात लावणाऱ्याला २३० व्होल्टचा झटका बसू शकतो.

कानाने तपासणी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आधी मोनो ध्वनिमुद्रण लावा. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं काहीही चालेल, कारण ते सगळं मोनोच. स्वर दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, रिकाम्या हवेत उभा राहिला पाहिजे. तो पसरट, कुठून येतो ते न कळणारा वाटला तर एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली आहे.

मग चांगलं स्टिरिओ ख्याल गायन घ्या, गायकाच्या मागे दोन तानपुरे असलेलं. मी मूळची मिरजेची. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा जव सरकवत कारागीर जवारी कशी उघडतो ते लहानपणापासून पाहिलंय. जव केसभर पुढे-मागे झाला तरी तारेतून निघणारी ती मधमाशीसारखी झंकार फुलते किंवा मिटते. नीट जुळलेल्या स्टिरिओवर दोन तानपुरे दोन जागी ऐकू येतात, आणि षड्जाची तार छेडल्यावर तिच्यातून वरचा गंधार हळूच उमटतो. हेच ध्वनिमुद्रण रिसीव्हरच्या ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ मोडवर लावून बघा, दोन्ही तानपुरे एकमेकांत मिसळून मागे नुसती भुणभुण उरते. थोडा न्यायही करायला हवा: रिसीव्हरवर ‘प्युअर डायरेक्ट’ (आवाजावरची जादा प्रक्रिया बंद करणारा मोड) लावलात तर फरक बराच कमी होतो. तो फरक तुमच्या खोलीत पैसे घालण्याइतका वाटतो का, हे दुकानातून अ‍ॅम्प्लिफायर घरी आणून ऐकल्याशिवाय ठरवू नका. आणि स्पीकर भिंतीला चिकटून असतील तर ते आधी फूट-दीड फूट पुढे ओढा. ते फुकट आहे आणि बहुतेक घरांत त्याचाच परिणाम जास्त होतो.

सबवूफर

थेट अ‍ॅम्प्लिफायरवर गाणं वाजताना रिसीव्हर मध्ये नसतो, त्यामुळे त्याचा सबवूफरही गप्प असतो. तबल्याच्या बायाचा घुमारा आणि पखवाज उभ्या स्पीकरमधून पुरेसा येतो, ख्याल-ठुमरीला मला सबची उणीव भासत नाही. छोटे बुकशेल्फ स्पीकर असतील तर दोन इनपुट असलेला सब बघा. आरईएल कंपनीच्या सबवूफरवर एलएफई (सिनेमातला खालच्या सुरांचा वेगळा चॅनल) रिसीव्हरकडून आणि हाय-लेव्हल इनपुट अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवरून असं दोन्ही एका वेळी जोडता येतं. मात्र मग सिनेमात समोरचे स्पीकर रिसीव्हरच्या मेनूत ‘स्मॉल’ ठेवा, नाहीतर खालचे सूर दोन वाटांनी सबमध्ये येऊन फुगू शकतात.

रोजचा टीव्ही

आता टीव्ही बघतानाही अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवावा लागतो. तो बंद राहिला तर संवाद सेंटरमधून येतील आणि बाकीचं संगीत गायब. घरातल्या ज्येष्ठांना दोन रिमोट देऊ नका. रिसीव्हरवर ‘१२ व्ही ट्रिगर आउट’ आणि अ‍ॅम्प्लिफायरवर ‘ट्रिगर इन’ असेल तर मध्ये ३.५ मिमीची मोनो केबल टाका. रिसीव्हर लागला की अ‍ॅम्प्लिफायर आपोआप जागा होतो, आणि काही मॉडेलवर बायपासही स्वतःच निवडतो. जागा देताना दोन्ही यंत्रं एकावर एक रचू नका. वर चार बोटं तरी हवा खेळू द्या, उन्हाळ्यात झाकण हाताला चटका देण्याइतकं तापतं.