शाळेच्या नाट्यविभागात शेक्सपिअर बसवताना

शाळेच्या नाट्यविभागाने शेक्सपिअरचे नाटक करायचे ठरवले, की पहिल्या बैठकीतली चर्चा बहुधा झगे, तलवारी आणि किल्ल्याचे नेपथ्य यांच्याकडे वळते. उत्साह आहे म्हटल्यावर तसे होणारच. पण या कामात काही वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा प्रयोग रंगतो की फसतो, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: रंगमंचावरच्या प्रत्येकाला आपण उच्चारत असलेल्या प्रत्येक ओळीचा अर्थ कळला आहे की नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले बरेच शब्द प्रेक्षकाला अनोळखी असतात, तरीही बोलणाऱ्याला समोरच्याकडून नक्की काय हवे आहे हे स्पष्ट असेल तर प्रेक्षक प्रसंग बरोबर पकडतो. बोलणाराच चाचपडत असेल तर मखमली झग्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून पहिल्यांदाच असे नाटक हाती घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि विद्यार्थी-दिग्दर्शकांसाठी लिहिताना मी संहितेवरच्या कामालाच जास्त जागा देणार आहे.

नाटक निवडताना आधी लांबी पाहावी. ‘हॅम्लेट’ साधारण 4,000 ओळींचे आहे. ‘मॅकबेथ’ आणि ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ 2,100 ओळींच्या आसपास, तर सर्वांत छोटे ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ सुमारे 1,800 ओळींचे आहे. तासाला 1,000 ओळी हा सराईत नटांचा वेग मानला, तर शाळेतल्या नटांसाठी 800 धरणे शहाणपणाचे ठरते. त्यानंतर भूमिकांची वाटणी पाहावी. ‘हॅम्लेट’मधल्या ओळींपैकी एक तृतीयांशाहून अधिक ओळी एकट्या नायकाच्या तोंडी आहेत, म्हणजे एका विद्यार्थ्याला ताप आला की नाटक बंद. ‘मॅकबेथ’ वेगवान आहे आणि चेटकिणींमुळे मुलांना आवडतेही, पण त्यात स्त्रीभूमिका मोजक्याच. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधली ज्युलिएट संहितेनुसार अजून चौदाचीही झालेली नाही, त्यामुळे मुलांना ती जवळची वाटते, मात्र शेवटी दोघेही आत्महत्या करतात, आणि त्याविषयी पालकांशी व समुपदेशकांशी आधी बोलल्याशिवाय ते नाटक घेऊ नये. पहिलाच प्रयोग असेल तर मी ‘ड्रीम’ सुचवतो. चार प्रेमिक, सहा कारागीर, राजदरबार आणि पऱ्यांचा लवाजमा अशी त्यात बऱ्यापैकी समान वाटणी आहे. शिवाय त्यातले कारागीर स्वतःच हौशी नाटक बसवत असतात. सगळ्याच भूमिका मला द्या म्हणणारा बॉटम आणि ‘माझे पाठांतर कच्चे आहे, सिंहाचे संवाद लिहून तयार असतील तर आधीच द्या’ म्हणणारा स्नग प्रत्येक नाट्यविभागात सापडतो. (सिंहाला फक्त डरकाळी फोडायची आहे, असे त्याला सांगावे लागते.)

संहितेवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही, त्यामुळे मूळ नाटकासाठी परवानगी किंवा मानधन द्यावे लागत नाही. आधुनिक रूपांतर, भाषांतर किंवा एखाद्या संपादकाच्या टिपा वापरायच्या असतील तर मात्र हक्कांची चौकशी करावी. सर्वांच्या हातात एकच आवृत्ती असणे अत्यावश्यक आहे. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, 1623 मध्ये त्याची 36 नाटके आज ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात एकत्र छापली गेली, पण त्यांतली निम्मी त्याआधी सुटी छापली गेली होती आणि त्या छापील प्रतींतला मजकूर काही ठिकाणी फोलिओहून वेगळा आहे. आजच्या संपादकांनी वेगवेगळी निवड केलेली असल्याने ओळींचे क्रमांकही जुळत नाहीत, आणि मग तालमीतला अर्धा वेळ ‘माझ्या पुस्तकात हे वाक्यच नाही’ यात जातो.

काटछाट करावीच लागते, आणि ती करताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. मात्र ती सलग पाने फाडून करू नये. विचाराचा धागा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पाहून करावी. ‘ड्रीम’च्या दुसऱ्या अंकात पऱ्यांची राणी टायटानिया तिचा नवरा, पऱ्यांचा राजा ऑबेरॉन याला एक लांबलचक भाषण ऐकवते. आपल्या भांडणामुळे नद्या फुगल्या, कणसे भरण्याआधीच पीक सडले, ऋतूंची अदलाबदल झाली, असे ती सांगते आणि या साऱ्या अनर्थाचे मायबाप आपणच आहोत, असा शेवट करते. अशा भाषणातली मधली पाच-सहा उदाहरणे निम्म्यावर आणता येतात, पण आरंभीचा आरोप आणि शेवटची कबुली गेली तर भाषण नुसते हवामानाचे वर्णन होऊन बसते. ‘मॅकबेथ’मधला चेटकिणींची देवी हेकटी हिचा प्रवेश काढताना मला कधी संकोच वाटला नाही, कारण तो बहुधा दुसऱ्या नाटककाराने नंतर घातलेला आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. राजाच्या खुनानंतर येणाऱ्या द्वारपालाचे विनोद मात्र जुने झाले म्हणून पूर्ण काढून टाकू नयेत. त्याच वेळात मॅकबेथचे काम करणाऱ्याला हातावरचे रक्त धुवून कपडे बदलायचे असतात. विनोद कमी करावेत, दारावरची थाप ठेवावी. कापलेली संहिता नव्याने टाइप करून घ्यावी आणि ती अंतिम झाल्यानंतरच पाठांतर सुरू करावे.

पात्रयोजनेत मुलगा-मुलगी हा हिशोब फार करू नये. शेक्सपिअरच्या काळात स्त्रीभूमिका किशोरवयीन मुलेच करत. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया 1660 नंतरच दिसू लागल्या. त्यामुळे मुलीने ‘ज्युलिअस सीझर’मधला कॅशियस किंवा ‘ड्रीम’मधला पक करणे या परंपरेच्या अजिबात विरोधात नाही. निवडीच्या वेळी सुंदर आवाजापेक्षा एक गोष्ट पाहावी: दिलेला उतारा एकदा वाचून झाल्यावर सूचना दिली, तर दुसऱ्या वाचनात विद्यार्थी काही बदलू शकतो का. एका नटाने दोन भूमिका करणे ही सोयीची आणि कधी कधी अर्थपूर्ण युक्ती ठरते. दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या 1970 च्या गाजलेल्या ‘ड्रीम’मध्ये अथेन्सचा अधिपती थिसिअस आणि ऑबेरॉन एकाच नटाने, तर थिसिअसची वाग्दत्त वधू हिपोलिटा आणि टायटानिया एकाच नटीने केल्या होत्या.

एकूण तालमींपैकी किमान एक तृतीयांश वेळ उभे न राहता, टेबलाभोवती बसून खर्च करावा, असा माझा आग्रह असतो. विद्यार्थी कुरकुर करतात, कारण त्यांना रंगमंचावर जायचे असते. तरी ऐकू नये. प्रत्येकाने आपल्या संहितेच्या कोऱ्या बाजूला स्वतःची प्रत्येक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहावी. ती घरच्या भाषेत, अगदी बोलीत लिहिली तरी चालते, किंबहुना तीच उत्तम. मग संपूर्ण प्रवेश आधी त्या शब्दांत वाचावा आणि लगेच मूळ शब्दांत वाचावा. कुठे अर्थ निसटला आहे ते दुसऱ्या वाचनात आपोआप ऐकू येते. ‘साधारण रागाने बोलतो’ असे कोणी लिहिले असेल तर ते मान्य करू नये, कारण तो भाव झाला, अर्थ नव्हे.

पद्याची भीती याच टप्प्यावर घालवावी. आपल्या गणवृत्तांत लघु-गुरूचा हिशोब असतो. इथे आघाताचा असतो. ओळीत साधारणपणे दहा उच्चारखंड, त्यांच्या पाच जोड्या, आणि प्रत्येक जोडीत आधी हलका मग जोरकस खंड, एवढे समजले की पुरे. मुलांनी काही दिवस ओळी टाळ्यांवर म्हटल्या तर ठेका अंगात मुरतो, आणि मग टाळ्या सोडून द्याव्यात, नाहीतर प्रयोगातही पाढे म्हटल्यासारखे ऐकू येते. या ठेक्याचा खरा उपयोग तो बिघडतो तिथे होतो. ‘मॅकबेथ’मध्ये खून करून परतलेला नायक आणि त्याची पत्नी यांच्यातली ‘तू बोललास ना?’, ‘कधी?’, ‘आत्ता.’, ‘मी उतरत असताना?’ ही चार तुटक वाक्ये मिळून पद्याची जवळजवळ एकच ओळ होते. याचा अर्थ दोघांनी मध्ये न थांबता, एकमेकांच्या श्वासावर बोलायचे आहे. नवखे नट नेमके इथेच गंभीर विराम घेतात आणि ताण घालवून बसतात. चेटकिणींची भाषा चार आघातांची आणि बहुतेक जोरकस खंडाने सुरू होणारी आहे, म्हणून ती मंत्रासारखी वाटते. ‘ड्रीम’मधले कारागीर आपसात गद्यात बोलतात, आणि कोणता माणूस केव्हा पद्याकडून गद्याकडे वळतो हे मुलांना स्वतः शोधायला लावले तर व्यक्तिरेखेविषयी अर्धे व्याख्यान वाचते.

आणखी दोन सराव सांगतो. भाषण म्हणताना चालावे आणि प्रत्येक विरामचिन्हाला दिशा बदलावी. जिथे वारंवार वळावे लागते तिथे बोलणाऱ्याचे मन अस्वस्थ आहे, हे पायांना कळते. विरामचिन्हे बहुतांशी छापणाऱ्यांची आणि संपादकांची आहेत, त्यामुळे त्यांना वेदवाक्य मानण्याची गरज नाही, पण सरावापुरती ती उत्तम साधने आहेत. दुसरा सराव ओळीच्या शेवटचा शब्द पडू न देण्याचा. शाळकरी नटांचा आवाज वाक्याच्या शेवटी हमखास खाली जातो, आणि शेक्सपिअर महत्त्वाचा शब्द बहुधा तिथेच ठेवतो.

हालचाली बसवताना संहितेतच दडलेल्या सूचना आधी वेचाव्यात. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच ओळीत ‘कोण आहे तिथे?’ हा प्रश्न पहाऱ्यावरचा शिपाई विचारत नाही, त्याला सुटी द्यायला आलेला शिपाई विचारतो. पहाऱ्यावरचा उलट त्यालाच थांबवून ओळख विचारतो. पाठोपाठ मध्यरात्र झाल्याचा आणि कडाक्याच्या थंडीचा उल्लेख येतो. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे सारे भर दुपारी, उघड्या आकाशाखाली घडत असे, म्हणून अंधार, थंडी आणि धास्ती शब्दांनीच उभी करावी लागे. मुलांना हे समजावले की ती निळ्या दिव्याची वाट पाहत नाहीत. खांदे आखडतात, काळोखात चाचपडतात, अंतर राखून उभी राहतात. त्याच कारणाने मोठ्या नेपथ्याच्या मी विरोधात आहे. दोन-तीन पातळ्या, काही ठोकळे आणि प्रवेश-निर्गमाच्या मोकळ्या वाटा पुरतात. एका प्रवेशातली माणसे बाहेर पडत असतानाच पुढच्या प्रवेशातली आत आली पाहिजेत. प्रत्येक प्रवेशानंतर अंधार करून खुर्च्या हलवत बसले तर नाटकात वीस मिनिटे वाढतात आणि प्रेक्षक घड्याळ पाहू लागतो.

द्वंद्वयुद्धांबाबत तडजोड नको. शाळेत धार नसलेलीही धातूची तलवार जाणकार प्रशिक्षकाशिवाय हातात देऊ नये. हालचाली आधी निम्म्याहून कमी वेगाने, मोजून बसवाव्यात, लक्ष्य नेहमी शरीराबाहेर ठेवावे, आणि प्रत्येक प्रयोगाआधी लढाईची संथ उजळणी झाल्याशिवाय पडदा उघडू नये. चुंबन किंवा जवळीक असलेल्या प्रसंगांनाही हीच शिस्त लावावी: काय होणार ते आधी ठरवून लिहून ठेवावे, दोघांची संमती घ्यावी आणि ती कधीही मागे घेता येईल हे स्पष्ट सांगावे. ज्युलिएट आणि रोमिओ यांची पहिली भेट चौदा ओळींच्या सुनीताच्या रूपात लिहिलेली आहे आणि त्यात तळहाताला तळहात लावण्याचाच खेळ आहे. तेवढ्यावरही प्रसंग भरून निघतो.

पुस्तक खाली ठेवण्याची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर करावी. पाठांतर एकट्याने खोलीत करण्यापेक्षा समोरच्याचे वाक्य ऐकून केलेले टिकते. त्या काळी नटाला संपूर्ण संहिता मिळत नसे. त्याचे स्वतःचे संवाद आणि प्रत्येकाआधी दुसऱ्याच्या वाक्याची शेपटी तेवढी लिहून मिळे, म्हणून ऐकण्याला पर्यायच नव्हता. ‘ड्रीम’मधल्या कारागिरांपैकी फ्लूट त्या शेपट्यांसकट आपला सगळा संवाद एका दमात म्हणून टाकतो, त्यातली गंमत ही कागदाची पद्धत माहीत असली की कळते. एखादा प्रवेश मी मुद्दाम अशा चिठ्ठ्यांवर करून घेतो. संवाद पाठ असूनही प्रवेश थंड पडला असेल, तर त्यावर याइतका उपयोगी उपाय मला अजून सापडलेला नाही.

शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शकाने मागे सरकून सूत्रे रंगमंच-व्यवस्थापक विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत. प्रकाश, ध्वनी आणि प्रवेशाच्या सगळ्या सूचना त्याच्या वहीत असाव्यात, आणि प्रयोग सुरू झाल्यावर शब्द त्याचाच चालावा. रंगीत तालमीपासून प्रत्येक अंकाला लागलेला वेळ त्याने लिहून ठेवावा. तिसऱ्या प्रयोगापर्यंत नाटक पाच-सात मिनिटांनी लांबलेले असते. हशा मिळू लागल्यामुळे नट थांबू लागतात, स्वगते ओढली जातात. अशा वेळी नवीन सूचनांचा भडिमार न करता प्रयोगाआधी सर्वांना गोलात बसवून, हालचाली आणि अभिनय बाजूला ठेवून, संपूर्ण संवाद जलद गतीने एकदा म्हणून घ्यावेत आणि त्या रात्रीची वेळ पुन्हा नोंदवावी.