परसदारी पर्सिमन

कॅलिफोर्नियात घरामागे थोडी मोकळी जमीन असलेल्या मराठी कुटुंबांनी पर्सिमन या नारिंगी, गोड फळाचे एक तरी झाड लावावे, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या रानातल्या तेंदूच्या कुळातले हे झाड फारशी मशागत मागत नाही. उलट खत, पाणी आणि छाटणी यांचा अतिरेक झाला की ते फळे टाकून देते.

जातीची निवड आपल्या खाण्याच्या सवयीवरून करावी. चपट्या आकाराचे फुयू कडक असतानाच चिरून खाता येते. टोकदार हाचिया मात्र पूर्ण मऊ होईपर्यंत टॅनिनमुळे इतके तुरट लागते की जीभ आखडते. पिकल्यावर त्याचा गर मधुर होतो. पहिलेच झाड असेल, तर फुयू घ्यावे. या दोन्ही जातींना फळधारणेसाठी दुसऱ्या झाडाची गरज नसते, त्यामुळे लहान अंगणातही एकच झाड पुरते.

हिवाळ्यात, पाने गळून झाड सुप्त असताना, उघड्या मुळांची, म्हणजे मुळांभोवती माती नसलेली, कलमे मिळतात. त्यांची मुळे काळी असतात. ती कुजलेली नसून त्यांचा रंगच तसा असतो, म्हणून कलम परत करण्याची घाई करू नये. सोटमूळ ठिसूळ असल्याने ते वाकवून खड्ड्यात कोंबण्याऐवजी खड्डाच खोल खणावा, मात्र कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्यावा. भरपूर ऊन मिळणारी आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी जागा हवी. लागवडीपूर्वी खड्डा पाण्याने भरून पाहावा आणि पाणी दुसऱ्या दिवशीही साचलेले दिसले, तर दुसरी जागा शोधावी. झाडाभोवती सुमारे ५ मीटर मोकळी जागा असावी.

पहिल्या वसंतात शेजारची झाडे हिरवी झाली तरी पर्सिमन बरेच दिवस काडीसारखे उभे राहते. अशा वेळी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे. काळजीपोटी त्याला पाणी वाढवले, तर मुळे कुजण्याचा धोका असतो.

नत्रयुक्त खत जास्त झाले की फांद्या जोमाने वाढतात आणि कोवळी फळे गळतात; पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्यानेही गळ वाढते. त्यामुळे खत बेताने द्यावे, तर उन्हाळ्यात पाणी ठरावीक अंतराने आणि खोलवर मुरेल असे द्यावे. छाटणीतही हात आखडता हवा, कारण फळे मागच्या वर्षीच्या फांद्यांच्या टोकाकडील डोळ्यांतून फुटणाऱ्या नव्या फुटव्यांवर धरतात आणि सगळे शेंडे सरसकट छाटले तर त्या वर्षीचे पीकच कापले जाते. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या बुंध्यापासून काढाव्यात. लाकूड ठिसूळ असल्याने भाराने फांदी मोडते, म्हणून घोसातली काही फळे लहान असतानाच विरळ करावीत.

शरद ऋतूत फळाला पूर्ण नारिंगी रंग आला की ते ओढून न तोडता, वरचा चार पाकळ्यांचा हिरवा भाग फळालाच राहील अशा रीतीने कात्रीने कापावे. हाचिया रंग भरल्यावर कडकच उतरवून केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवले, तर लवकर मऊ होते. तुरट फळ, विशेषतः उपाशीपोटी, जास्त खाऊ नये. त्यातील टॅनिनमुळे पोटात घट्ट गोळा होऊ शकतो.