भीमेच्या पात्रात खडे शोधायला एकटे निघालात? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात सोलापुरातली दोन-चार पोरं मला विचारायला येतात, "काका, भीमेत खडे नेमके कुठं सापडतात?" पाठीवर तंबू, हातात हातोडी आणि डोक्यात मोबाइलवर पाहिलेला हिरा. त्याच त्या चुका बघून जीव खालीवर होतो, म्हणून लिहितोय.

पात्रात तंबू ठोकणं

ही सगळ्यांत जीवघेणी चूक, आणि ती मीही केली आहे. मे महिना होता. मी बेगमपूरच्या अंगाला, माचणूरचं सिद्धेश्वराचं देऊळ पलीकडच्या काठावर. पात्रात एकच बारीक धार वाहत होती. गोट्यांच्या पट्ट्याला लागून सपाट वाळू मिळाली, तिथंच मुक्काम टाकला. आभाळ निरभ्र. रात्री तीनच्या सुमारास पाठ गार लागली. बॅटरी लावली, तर चपला तरंगत होत्या. आवाज कसलाच नाही. असं पाणी गर्जत येत नाही. खळगे भरत, वाळूत पसरत येतं. मागं पाहिलं, तर काठ आणि माझ्यामध्ये दुसरी धार सुरू झाली होती. सॅक डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडलो. तंबू गेला, दोन दिवस वेचलेल्या खड्यांची पिशवी गेली.

उजनी धरणातून भीमेत पाणी सोडतात आणि ते औज बंधाऱ्यापर्यंत वाहत जातं. त्यामुळे पावसाचा थेंब नसतानाही नदी चढते. काठावरच्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते पाण्यातल्या मोटारी आधीच वर ओढून ठेवतात. मोटारी काठावर दिसल्या की मी पात्रात पाय ठेवत नाही. आता आधी गावात जातो, पोलीस पाटलांना भेटतो, पाणी कधी सुटणार ते विचारतो आणि देवळाच्या ओट्यावर किंवा कुणाच्या वस्तीवर झोपतो. न सांगता रात्री पात्रात फावडं घेऊन फिरणारा माणूस गावाला वाळूचोरच वाटणार, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

भीमेत हिरे शोधणं

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात हिऱ्यांचं एक सरकारी उद्यान आहे. 1972 पासून तिथं तिकीट काढून कुणीही 37 एकरांच्या नांगरलेल्या रानात हिरे शोधू शकतो आणि सापडेल तो घरी नेतो. ते व्हिडिओ बघून इथं हिशेब मांडला जातो: भीमा कृष्णेला मिळते, कृष्णाकाठी कोल्लूरला हिऱ्यांच्या खाणी होत्या, म्हणजे भीमेतही हिरे असणार. अहो, कोल्लूर संगमाच्या कितीतरी खाली, आंध्रात आहे. दगड प्रवाहाच्या उलट चढून येत नाहीत. आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, काळा पाषाण. त्यात हिरा नसतो.

पण जे आहे ते काय कमी आहे? लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका (गारेचं खनिज) मुरून अकीक म्हणजे अगेट झाला, गारगोटी झाली, कुठं झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे स्फटिक झाले. पट्ट्यापट्ट्यांचा अकीक हातात घेऊन बघा आणि मग हिऱ्याचं बोला.

सापडला की हातोडी

अधीर माणसाचं हे ठरलेलं. एका पोरानं माझ्यासमोर नारळाएवढा गोटा घणानं फोडला. आत जांभळट स्फटिकांचं अस्तर होतं, त्याचा चुरा झाला आणि एक कपची त्याच्या भुवईत घुसली. बोटभर खाली लागती तर डोळा गेला असता. मी अख्खा गोटा घरी आणतो आणि करवतीवर कापून घेतो. चार दिवस थांबावं लागतं, थांबायचं.

ओला दगड बघून पिशवी भरणं

पाण्यात प्रत्येक गोटा चमकतो. दहा मिनिटं उन्हात वाळवा, मग ठरवा. चाकूनं ओरखडा उठला तर अकीक नव्हे. खनिजांच्या कठीणतेच्या एक ते दहा मापावर चाकूचं पोलाद साधारण साडेपाच, अकीक साडेसहा ते सात. हिरवा "पाचू" बहुधा बाटलीची झिजलेली काच असते, भिंगातून गोल बुडबुडे दिसतात.

जमिनीवर उघडं झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश कळतही नाही.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून खडाही उचलू नका.

मे महिन्यात जाऊच नका. पारा चाळीसच्या वर असतो. थंडीत जा, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, तीन दिवस निघतात.

आणि भर दुपारी पात्र पिंजून काढण्यात अर्थ नाही. मी सकाळी सात ते नऊ सूर्याकडे तोंड करून सावकाश चालतो. कोवळं ऊन आरपार गेलं की शंभर काळ्या गोट्यांत एकच अकीक आतून मधासारखा पेटतो. तो उचलायचा, वाळवायचा आणि लगेच जागा-तारखेची चिठ्ठी लिहून कागदात गुंडाळायचा.