एकाच ओढ्यावरच्या गावांनी पाणी वाटून घेताना या चुका टाळाव्यात

दुष्काळी तालुक्यांत दोन-चार गावांनी मिळून पाण्याचा हिशेब ठेवावा, ही कल्पना आता कोणाला नवी राहिलेली नाही. गावोगावच्या ग्रामसभांत पाण्याचा ताळेबंद वाचून दाखवला जातो, ठराव होतात, छायाचित्रे निघतात. आणि तरीही मार्च उजाडला की वरचे गाव व खालचे गाव एकमेकांच्या नावाने तक्रारअर्ज लिहू लागतात. हे अर्ज आणि त्यांच्या आधीचे ठराव शेजारी ठेवून वाचले, तर बहुतेक भांडणांचे मूळ त्या ठरावांतच सापडते.

ताळेबंद शिवेपाशी थांबवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. पाऊस गावाच्या शिवारात पडतो, पण ओढ्याला लागलेले पाणी आणि जमिनीत मुरलेले पाणी महसुली नकाशा पाहून चालत नाही. 1000 हेक्टर शिवारावर 450 मिलिमीटर पाऊस झाला, तर 45 लाख घनमीटर पाणी पडले, एवढा गुणाकार सर्वांना येतो. त्यातले किती उडून गेले, किती मुरले आणि किती खालच्या गावाकडे वाहून गेले, हे मांडताना मात्र प्रत्येक गाव आपल्या सोयीचा आकडा धरते.

एका ओढ्यावरच्या तीन गावांचे ताळेबंद मी एकदा एकाच कागदावर उतरवून घेतले होते. तिन्ही ग्रामपंचायतींच्या फलकांवर ‘शिल्लक’ दिसत होती. वरच्या गावाने ओढ्याचे पाणी ‘अडवलेले’ म्हणून जमेत धरले होते, मधल्या गावाने तेच पाणी पाझर तलावात ‘येणारे’ म्हणून धरले होते, आणि खालच्या गावाने त्याच तलावाचा पाझर आपल्या नळयोजनेच्या विहिरीला ‘मिळणारा’ म्हणून लिहिला होता. तिन्ही शिलकांची बेरीज ओढ्याच्या एका वर्षाच्या प्रवाहापेक्षा अधिक भरत होती. तिन्ही गावांचे काम एकाच सल्लागाराने केले होते, आणि त्याने नमुना तोच ठेवून केवळ गावांची नावे बदलली होती. फलकावरच्या शिलकीच्या भरवशावर वरच्या गावाने उन्हाळी कांदा वाढवला आणि फेब्रुवारी संपण्याआधीच खालच्या गावाची विहीर तळाला गेली. टँकरचा प्रस्ताव गेला, तेव्हा पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने सरपंचांना त्यांच्याच भिंतीवरची शिल्लक वाचून दाखवली. सरपंचांना उत्तर देता आले नाही, आणि मंजुरी रखडली ती वेगळीच.

तेव्हापासून मी गावनिहाय ताळेबंद पाहतच नाही. उगमाकडून खाली येत जाणारा एकच तक्ता करायला लावतो आणि त्यात ‘वरून आलेले पाणी’ हा रकाना खालच्या गावाला भरू देत नाही. तो वरच्या गावाने भरायचा, खालच्या गावाने तपासून सही करायची. ‘आम्ही इतके पाणी खाली सोडू’ असे स्वतःच्या अक्षरात लिहावे लागले की आकडे आपोआप खरे होऊ लागतात. विहिरींच्या पातळीचेही तसेच: प्रत्येक गावाच्या दोन-तीन ठरलेल्या विहिरी शेजारच्या गावाच्या माणसाने मोजाव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची नोंद जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा घेते. आपल्या नोंदीही त्याच महिन्यांत घेतल्या, तर पुढे तुलना करता येते. यासाठी एखादे अ‍ॅप आहे का, असे हमखास विचारले जाते. टेप आणि वही यांच्यापलीकडे काहीही लागत नाही, आणि ज्यांना विहिरीपर्यंत चालत जायचा कंटाळा आहे, त्यांच्या अ‍ॅपमधल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

पोकलेन आधी आणि विचार नंतर

दुसरी चूक नाला खोलीकरणाची. आपल्याकडच्या बहुतेक दुष्काळी पट्ट्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्याच्यात पाणी साठते ते प्रामुख्याने वरच्या मुरमात आणि झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. खालचा अखंड खडक जवळजवळ कोरडाच असतो. साचलेला गाळ काढून नाला पूर्ववत करणे निराळे, आणि मुरूम फोडून कठीण खडक लागेपर्यंत खाली जाणे निराळे. दुसऱ्या प्रकारात नाल्याचा तळ आजूबाजूच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली जातो, आणि मुरमात थांबलेले पाणी विहिरींऐवजी नाल्यात पाझरू लागते. नाला डिसेंबरपर्यंत तुडुंब दिसतो, त्याची ड्रोनने टिपलेली चित्रफीत फिरते, आणि काठावरचा शेतकरी विहिरीत आडवे बोअर मारायला निघतो. नाल्यात दिसणारे ते पाणी बऱ्याचदा त्याच्याच विहिरीचे असते. शिवाय उघड्यावरचे पाणी उन्हाने उडते ते निराळेच.

यात प्रादेशिक तंटा असा, की हे काम नेहमी एकाच गावाच्या हद्दीत होते आणि परिणाम दोन्हीकडच्या गावांना भोगावा लागतो. माझा नियम साधा आहे: खोदकामाची आखणी करण्यापूर्वी नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या, आणि लगतच्या गावांच्याही, विहिरींत उतरून थर पाहावेत. माती कुठे संपते, मुरूम किती हात आहे, पाझर कोणत्या सांध्यातून येतो, हे विहिरीच्या उघड्या भिंतीवर स्पष्ट दिसते. त्याची लेखी नोंद झाल्याखेरीज आणि लगतच्या ग्रामपंचायतीची संमती आल्याखेरीज यंत्र लावू नये. डिझेलचे पैसे महिनाअखेर परत जातील, म्हणून घाई करणाऱ्यांनी ते खुशाल परत जाऊ द्यावेत. फुटलेला मुरूम पुन्हा भरता येत नाही.

टंचाईचा नियम टंचाईत ठरवणे

एप्रिलमध्ये कोरड्या तलावाच्या काठावर बसून वाटप ठरवू पाहणारे लोक वाटाघाटी करत नसतात, भांडत असतात. टंचाईचा नियम पीक पेरण्यापूर्वी ठरला पाहिजे, आणि त्यात तारीख व आकडा दोन्ही हवेत. गोदावरी खोऱ्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. समन्यायी वाटपाचे तत्त्व 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या कलम 12(6)(ग) मध्ये लिहिलेले होतेच. पण कोणत्या परिस्थितीत वरच्या धरणांनी किती सोडायचे, हे स्पष्ट नसल्याने नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद न्यायालयात जात राहिला. प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने 15 ऑक्टोबरचा साठा पाहायचा आणि मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरून पाणी सोडायचे, अशी चौकट घातली. वाद त्यानंतरही झाले, 2023 मध्ये 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याच्या आदेशावरूनही झाले, परंतु ते निदान एका आकड्याभोवती झाले. त्याच वेळी पुढचा धडाही मिळतो: सोडलेले पाणी कोरड्या पात्रात मुरते, वाटेतल्या बंधाऱ्यांत अडते, काठच्या पंपांनी उचलले जाते, म्हणून बंधाऱ्यांचे गेट काढावे लागतात आणि काठच्या कृषिपंपांची वीज तोडावी लागते. ओढ्यावरच्या तीन गावांच्या करारातही ‘किती सोडायचे’ याच्याबरोबर ‘किती पोहोचले पाहिजे आणि ते कुठे मोजायचे’ हे लिहावेच लागते. बहुतेक करारांत हे वाक्य नसते.

नाव घेणे, नियम सोडणे

अभ्यासदौऱ्याहून परतलेली मंडळी आठवड्याभरात ‘पाणी पंचायत’ स्थापन करतात. विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगाव येथे जे उभे केले, त्याचा कणा त्याच्या नियमांत होता: पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत, भूमिहीनांनाही हक्क, उसाला बंदी. आजच्या ठरावांतून नेमके शेवटचे दोन नियम गळतात. उसाचे नाव काढले की बैठक संपते, म्हणून मी तिथे एकच हिशेब फळ्यावर लिहितो. 2000 वस्तीच्या गावाला माणशी रोज 55 लिटर धरले, तर वर्षाला सुमारे 40 हजार घनमीटर पाणी लागते. मोकाट पाण्यावरच्या एक हेक्टर उसाला वर्षाला 20 हजार घनमीटर धरले, तर पाच एकर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी. हे वाचूनही ज्यांना ऊस हवाच आहे, त्यांच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नसतो. त्यांनी करारात सही न केलेली बरी.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. प्लास्टिक अंथरलेले शेततळे विहिरीतून उपसून भरणे म्हणजे सामाईक भूजल खासगी करून उन्हात ठेवणे होय. अशी तळी ताळेबंदात खर्चाच्या बाजूला लिहावीत. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास कायद्याचा अडथळा आहे, आणि हे अंतर शेजारच्या गावाच्या स्रोतालाही लागू होते, हे खोदणाऱ्याला आधीच सांगावे. पाणी पंपाच्या तासांत वाटू नये. तीन अश्वशक्तीच्या आणि साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीचा तास सारखा नसतो. समितीत शेपटाकडच्या, म्हणजे पाणी सर्वांत शेवटी पोहोचणाऱ्या, शेतकऱ्याला केवळ सभासद न करता तिजोरी किंवा नोंदवही त्याच्याकडे द्यावी. आणि कोल्हापुरी बंधाऱ्याचे गेट व रबर उन्हाळ्यातच मोजून, दोन्ही गावांच्या सह्यांनी एका खोलीत ठेवावेत. ऑक्टोबरमध्ये गेट बसवायच्या दिवशी चार गेट कमी निघाले, की त्या हंगामापुरता करार तिथेच मोडतो.