करवंदीचं कुंपण घालताय? या चुका टाळा

जाळी हिरवीगार, काटे भरपूर, पण करवंद एक नाही. परड्याच्या कुंपणाला करवंदी लावलेल्या कितीतरी बेळगावकरांची ही तक्रार असते आणि बहुतेक वेळा दोष कात्रीचा निघतो. करवंदीला फुलांचे झुपके येतात ते फांद्यांच्या शेंड्यांना, आणि आपण मेंदीच्या कुंपणागत तिची महिन्याच्या महिन्याला हजामत करतो. डिसेंबर-जानेवारीत शेंडे उडवले की फेब्रुवारी-मार्चचा बहर पाल्याबरोबर उकिरड्यावर गेला समजा. छाटणी वर्षातून एकदाच, फळं उतरल्यावर, जूनच्या सुमारास करा. पावसात फुटवे येतात, त्यांवरच पुढच्या उन्हाळ्यात करवंदं धरतात. वाळक्या फांद्या कधीही काढा. कुंपण इस्त्री केल्यासारखं हवं असेल, तर डुरांटा लावून मोकळे व्हा.

दुसरी चूक ओळखीची. माळावर गेळाही असतो. त्याचीही पानं समोरासमोर आणि काटे जोडीनं, त्यामुळे फळं नसताना फसायला होतं. पान मोडून बघा: करवंदीला पांढरा चीक येतो, गेळ्याला येत नाही. गेळ्याचं फळ लहान पेरूसारखं पिवळं असतं आणि ते मासे गुंगवायला वापरतात, तेव्हा पोरांच्या हाती देऊ नका. पण नुसता चीक बघूनही भागत नाही. शेरालाही चीक असतो आणि तो डोळ्यात गेला तर भारी पडतो. चिवट चकचकीत पान, काटा आणि चीक, तिन्ही जुळलं तरच करवंद. नर्सरीत कधी मोठ्या फुलांचं, लांबट लालभडक फळाचं झाड करवंद म्हणून मिळतं. ते आफ्रिकेकडचं भावंड. पिकलेलं फळ खाता येतं, पण लोणच्याची करवंदं ती नव्हेत.

जांबोटी-कणकुंबीकडच्या रानातून रोप उपटून आणायचा मोह आवरा. सोटमूळ तुटतं आणि रोप मान टाकतं. शिवाय भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तो गुन्हाच आहे. त्यापेक्षा मे महिन्यात बाजारात बायका पाट्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून काळीभोर पिकलेली करवंदं घ्या, खा आणि बिया धुऊन लगेच पिशवीत पेरा. सुकवून पुढच्या वर्षासाठी ठेवलेलं बी क्वचितच उगवतं. बियांच्या झाडाला फळ धरायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि फळ आईसारखंच येईल असं नाही. मोठं फळ हवं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण बोल्ड’ कलम शोधा.

पाण्याचं गणित तालुक्यागणिक बदलतं. खानापूरकडच्या धुवांधार पावसात खड्ड्यात पाणी तुंबलं की पानं पिवळी पडतात. तिथं उंचवट्यावरच लावा. अथणी, रायबागच्या काळ्या रानात पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, पुढं ती तिचं बघते. रोज नळी सोडली आणि युरिया टाकला, तर पाला माजेल आणि फळ रुसेल. कुंपणासाठी दोन रोपांत दोन-तीन फूट पुरे, एकटं झाड असेल तर आठ-दहा फूट मोकळे सोडा.

छाटलेल्या फांद्या वाटेवर टाकू नका, वाळका काटा चपलेतून आरपार जातो. नव्या आंब्याच्या रोपाभोवती रचा, शेळ्या तिकडं फिरकणार नाहीत.