गाडीवरचे डांबराचे ठिपके काढताना या चुका टाळा

मे महिन्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणारी कुठलीही गाडी बघा. चाकांच्या मागे, दरवाजांच्या खालच्या पट्टीवर, मागच्या बंपरच्या कोपऱ्यांवर बारीक काळे ठिपके असतातच. पावसाळ्याच्या तोंडावर कुठे ना कुठे खड्डे बुजवणं नाहीतर नवा थर टाकणं चालू असतं. सायन-पनवेल हायवे आणि ठाणे-बेलापूर रोडवरही तेच. त्यात ऊन. रस्त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-३० ग्रेडचं डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, आणि मे महिन्याच्या दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग त्याच्या वर सहज जातो. मग टायर ते उचलतो आणि गाडीच्या अंगावर फेकतो.

हे ठिपके काढणं अवघड नाही. तरीही ते काढण्याच्या नादात रंगावर ओरखडे पाडून घेतलेल्या, चमक घालवून बसलेल्या गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पदोपदी दिसतात. हे नुकसान सहज टळलं असतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

मुळात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डांबर हा पेट्रोलियमचा पदार्थ आहे. पाण्यात तो विरघळत नाही, शॅम्पूनेही सुटत नाही. तो विरघळतो रॉकेल किंवा टार रिमूव्हरसारख्या द्रावणात. त्यामुळे इथे मनगटाचा जोर काही कामाचा नाही. द्रावण लावायचं, त्याला वेळ द्यायचा आणि सुटलेलं डांबर टिपून घ्यायचं, एवढंच काम आहे. खालच्या बहुतेक चुका हा क्रम मोडल्यामुळे होतात.

नखाने, ब्लेडने, तारेच्या घासणीने खरवडणं

ठिपका थोडा उंच असतो, नखाला लागतो, त्यामुळे खरवडायचा मोह होतो. पण त्या डांबरात बारीक खडी आणि वाळू अडकलेली असते. खरवडताना तीच रंगावरून फिरते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. वहीच्या पानाची जाडीही याहून जास्त भरते. ब्लेडचा एक चुकलेला फटका तो पार करून खालच्या रंगापर्यंत जातो, आणि मग पॅनेल रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही. काचेवर ब्लेड चालतं म्हणून रंगावरही चालेल असं समजू नका.

धुतल्याशिवाय हात लावणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती होण्याचं कारणही समजण्यासारखं आहे. बऱ्याच सोसायट्यांत पाइप लावून गाडी धुवायला बंदी असते. पहाटे गाडी पुसणारे दादा एका बादलीत, एका फडक्यावर कितीतरी गाड्या उरकतात. त्या फडक्यात आधीच्या गाड्यांची माती असते. तेच फडकं डांबरावर जोर लावून फिरलं की ठिपका तर जात नाही, पण त्याच्याभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळं तयार होतं. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर ते उन्हात लगेच दिसतं. दादांना स्पष्ट सांगून ठेवा की काळ्या ठिपक्यांना हात लावू नका, ते मी बघतो. त्यांना वाईट वाटत नाही, उलट त्यांचंही काम हलकं होतं.

पाइप नसेल तर दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूच्या पाण्याची आणि एक फडकं खळबळायला साध्या पाण्याची. गाडीचा फक्त खालचा भाग धुवायचा असेल तर एवढं पाणी पुरतं. कपड्यांची पावडर वापरू नका. डांबरावर तिचा काही परिणाम होत नाही आणि रंगावरचं वॅक्स मात्र निघून जातं.

तो ठिपका डांबराचाच आहे का, हे न बघणं

ठाण्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण मेट्रोच्या आणि इमारतींच्या कामामुळे गाडीवर फक्त डांबरच उडतं असं नाही. राखाडी, खडबडीत आणि दगडासारखा टणक डाग असेल तर ते सिमेंट आहे. त्यावर रॉकेल लावून काही होत नाही, आणि ते घासलं तर कानसेसारखं रंग ओरबाडतं. नारिंगी-तपकिरी बारीक ठिपके, विशेषतः रेल्वे रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर, बहुतेकदा लोखंडाच्या कणांचे असतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर वेगळा मिळतो. आणि बोट फिरवल्यावर उंचवट्याऐवजी खड्डा लागला, तर तिथे खडी लागून रंगाचा टवका उडालाय. त्याला टच-अप लागेल.

ओळखायची सोपी रीत अशी. पांढऱ्या फडक्याच्या टोकाला थोडं रॉकेल घ्या आणि ठिपक्यावर अर्धा मिनिट नुसतं टेकवून ठेवा. फडक्यावर चहासारखा तपकिरी रंग उतरला तर डांबर. गाडीचाच रंग उतरला तर तिथेच थांबा. काही जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो, त्यांचा मूळ रंगच उघडा असतो. अशा गाडीवर फार बेताने काम करावं लागतं.

थिनर आणि पेट्रोल

"थोडं थिनर मार, लगेच जाईल," असा सल्ला गॅरेजच्या दारात हमखास मिळतो. डांबर लगेच जातं हे खरंच आहे. पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एनसी थिनर मुळात रंग पातळ करायलाच बनवलेलं असतं. कंपनीतून भट्टीत भाजून आलेला रंग थोडा वेळ ते सोसतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेलं पॅनेल सोसेलच असं नाही, आणि सेकंडहँड गाडीचं कुठलं पॅनेल पुन्हा रंगवलंय हे मालकालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. नुकतंच रंगवलेलं पॅनेल असेल तर पहिला महिनाभर त्यावर कुठलंही द्रावण लावूच नका. हेडलाइटची काच आता काचेची नसते, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. तिच्यावर थिनर उडालं तर ती धुरकट होते, बारीक तडेही जातात, आणि ते परत भरून येत नाहीत.

पेट्रोलचं म्हणाल तर ते डांबर विरघळवतं, पण माझं मत पक्कं आहे: गाडी पुसायला पेट्रोल वापरूच नये. शून्याखाली ४० अंशांच्या आसपास तापमानातही त्याची वाफ पेट घेऊ शकते. बंद बेसमेंट पार्किंगमध्ये, स्विचबोर्डाच्या शेजारी, वाटीभर उघडं पेट्रोल घेऊन बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. रॉकेल त्या मानाने कमी धोक्याचं, पण तेही मोकळ्या हवेत, विडी-सिगारेटपासून लांब आणि हातमोजे घालूनच वापरा.

तापलेल्या गाडीवर, उन्हात काम करणं

पत्रा इतका तापलेला असेल की तळवा पाच सेकंद टेकवता येत नाही, तर काम संध्याकाळवर ढकला. गरम पत्र्यावर द्रावण डांबरात शिरण्याआधीच उडून जातं. अर्धवट विरघळलेलं डांबर मग पसरतं, आणि एका ठिपक्याचा हातभर तपकिरी फराटा होतो. टार रिमूव्हर रंगावर वाळला तर त्याचे स्वतःचे डाग पडतात ते वेगळेच. सकाळी सातच्या आत किंवा सावलीत काम करा.

प्रत्यक्ष काढताना

स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा चांगला टार रिमूव्हर माझी पहिली पसंती. तो नसेल तर डब्ल्यूडी-४० (गंजलेले स्क्रू सोडवायला वापरतात तो स्प्रे) किंवा पांढरं रॉकेल. अगदी ताजा ठिपका असेल तर खोबरेल तेलही काम करतं, पण बराच वेळ घेतं. काहीही असो, आधी दरवाजाच्या आतल्या कडेवर, नजरेस न पडणाऱ्या जागी लावून बघा.

द्रावण थेट गाडीवर फवारण्यापेक्षा कापसाचा बोळा भिजवा आणि ठिपक्यावर टेकवून धरा. मिनिटभर बोट हलवू नका. घासायची हुक्की इथेच येते, ती आवरा. बोळा उचलला की ठिपक्याच्या कडा विरलेल्या दिसतील, मध्ये काळा दाणा उरलेला असेल. नवा बोळा घ्या, पुन्हा टेकवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो दाणा स्वतःहून सरकतो. मग स्वच्छ मायक्रोफायबरने एकाच दिशेला, बाहेर उचलून घेतल्यासारखं टिपा. गोल गोल फिरवू नका. प्रत्येक टिपण्याला कापडाची नवी घडी घ्या, कारण आधीच्या घडीत डांबराबरोबर खडीही आलेली असते. एका वेळी हातभर जागा करा, ती धुवा आणि मगच पुढे सरका.

रबराच्या पट्ट्या आणि काळं प्लास्टिक यांच्यावर द्रावण रेंगाळू देऊ नका. रबर फुगतं आणि प्लास्टिकवर पांढरट डाग उठतात. पीपीएफ (रंगाच्या रक्षणासाठी चिकटवलेली पारदर्शक फिल्म) किंवा व्हिनाइलची रॅप असेल तर कडांपासून लांब राहा, तिथला गोंद सुटतो. मॅट रंगाच्या गाडीवर मात्र घरी प्रयोग करू नका.

क्ले बार आणि 'रबिंग'ची घाई

इंटरनेटवर व्हिडिओ बघून काहीजण थेट क्ले बारच, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवतात. डांबर त्या क्लेला चिकटतं, त्यातली खडीही चिकटते, आणि तीच पुढे सगळ्या बॉनेटवर फिरते. आधी द्रावणाने ठिपके काढायचे, गाडी धुवायची, आणि हाताला अजून खरखर लागत असेल तरच क्ले.

कार वॉशवाल्याकडे गेलात तर तो "साहेब, रबिंग-पॉलिश करून टाकू" म्हणतो. रबिंग म्हणजे क्लिअर कोटचा वरचा पापुद्रा झिजवणं. डांबराच्या ठिपक्यांसाठी त्याची काहीही गरज नाही. दर वर्षी रबिंग केलेल्या गाडीचा रंग चार-पाच वर्षांत कडांवर पातळ होऊन उघडा पडू लागतो. त्याला सांगा, फक्त टार रिमूव्हर लावा, मशीन लावू नका. ऐकत नसेल तर दुसरीकडे जा.

काढून झालं, आता पुरे, असं समजणं

द्रावण डांबराबरोबर वॅक्सही घेऊन जातं. ती जागा शॅम्पूने धुवा, कोरडी करा आणि त्याच दिवशी वॅक्स लावा. रॉकेल वापरलं असेल तर तेलकट थर राहतो, त्याला धूळ चिकटते, म्हणून दोनदा धुवा. सिरॅमिक कोटिंग असेल तर कोणता रिमूव्हर चालतो ते कोटिंग करणाऱ्याला विचारूनच लावा.

ठिपका गेला पण पांढऱ्या गाडीवर पिवळट छटा उरली, तर डांबरातलं तेल रंगात मुरलंय. महिनोन्‌महिने राहिलेल्या ठिपक्यांचं असं होतं. अशा एखाद-दुसऱ्या जागी हाताने हलकं पॉलिश ठीक आहे.

रस्त्यावरच टाळता येतं ते

नवा थर टाकण्याआधी रस्त्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, फवारतात. ताजं असताना ते तपकिरी असतं, त्यातलं पाणी वेगळं झालं की काळं होतं. रस्ता तपकिरी किंवा ओला चकचकीत दिसला आणि बाजूला जागा असेल तर लेन बदला. नसेल तर वेग २० च्या खाली आणा आणि पुढच्या डंपरपासून अंतर ठेवा. इमल्शन उडालंच तर घरी पोहोचल्या पोहोचल्या भरपूर पाणी मारा. तपकिरी असेपर्यंत ते नुसत्या पाण्यानेही निघतं. रात्रभर राहिलं की सकाळी टार रिमूव्हरच लागतो. गाडीला मडफ्लॅप नसतील तर बसवून घ्या, आणि एप्रिलच्या शेवटी खालच्या पट्टीला वॅक्सचा एक जाड हात द्या.