जुन्या गाडीतली कुईकुई नेमकी कुठनं येते ते कसं शोधायचं

आमच्याकडं २००५ ची व्हॅन आहे, बाबांनी घेतलेली, आणि तिच्या मागच्या बाजूनं जुनी लोखंडी खाट करकरते ना तसा आवाज यायला लागला. पहिल्या गॅरेजवाल्यानं नीट ऐकलं पण नाही, दोन्ही शॉकअप बदलले, आवाज तसाच. दुसऱ्यानं मागचे ड्रम खोलून ब्रेक साफ केले, तरी तसाच. पैसे गेले ते गेलेच, पण आई मागच्या सीटवर बसायला नको म्हणायला लागली ते जास्त लागलं मनाला. तेव्हा सांगतो, आवाज पार्ट बदलत बदलत शोधू नका, आधी तो कधी येतो ते पकडा आणि मगच पान्याला हात लावा.

आठवडाभर तरी एका वहीत लिहा. गाडी उभी असताना येतो की चालताना, थंड असताना की तापल्यावर, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, एकटे असताना की पाचजण बसल्यावर. आणि ऐकायला पहाटेच निघा, दिवसा कोल्हापुरात राजारामपुरीत हॉर्नच्या गोंगाटात काय कळणार. काचा खाली, फॅन आणि टेप बंद, आणि जमलं तर घरच्या कुणाला तरी मागं बसवा, कारण ड्रायव्हरच्या कानाला मागचा आवाज पुढं वाटतो. त्याआधी जॅक, पाना, स्टेपनी, डिकीतलं सगळं सामान काढून ठेवा, सीटबेल्टची बकलं पण बांधा, कधी कधी एवढ्यावरच काम संपतं.

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे आणि चीं-चीं येतंय म्हणजे बहुतेक इंजिनच्या पुलीवरचा रबरी बेल्ट. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळं आवाज बुडाखालनं आल्यासारखा वाटतो. बेल्टवर लांबनं थोडं पाणी मारा, हात आणि ओढणी-शर्ट लांब ठेवून. पाण्यानं आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे, थोडा वेळ गप्प बसून परत सुरू झाला तर बेल्ट झिजलाय किंवा पुली सरळ रेषेत नाही. क्लच दाबल्यावरच येत असेल तर क्लचमधल्या रिलीज बेअरिंगचा संशय घ्या.

चाकाच्या फिरण्याबरोबर चिकचिक वाढत असेल आणि ब्रेक दाबला की थांबत असेल तर डिस्क पॅड संपत आलेत. बऱ्याच पॅडला एक छोटी पत्री असते, पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते, ती त्याच कामाला ठेवलेली असते. तिथं उद्या बघू म्हणू नका, पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, ३ मिलिमीटरच्या आत आला की बदलायचाच. हे ऐकायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडायची नाही, पन्हाळ्याच्या घाटात तर अजिबात नाही, ब्रेक जड होतो आणि स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. सपाट मोकळ्या रस्त्यावर इंजिन चालू ठेवून क्लच दाबायचा, तेवढ्यानं इंजिनचा आवाज वेगळा काढता येतो.

आता खरा त्रास देणारा आवाज, स्पीडब्रेकरवर आणि खड्ड्यात येणारा. आमचा हाच होता आणि तो सापडला पावसामुळं. वही चाळताना लक्षात आलं की जूनपासनं आवाजाची नोंदच नाही आणि दसरा होऊन रस्ते वाळले की परत सुरू. म्हणजे ओलं असताना गप्प आणि कोरडं झालं की बोलणार, असं शॉकअप कशाला करेल? असं रबरी बुश (जोडात बसवलेली रबरी नळी) नाहीतर पाटेच (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) करतात. ओम्नी, जुनी बोलेरो असल्या गाड्यांना मागं पाटे असतात, त्यांच्या टोकाला शॅकल (पाट्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी हलती कडी) आणि शॅकलमध्ये रबरी बुश, आणि ते वाळून कडक झाले की लोखंडावर घासून कुईकुई करतात.

मग एक सोपी टेस्ट केली. गाडी सपाट जागी उभी, चाकांना दगडाची उटी, भावाला मागचा बंपर वरखाली दाबायला लावला आणि मी बाजूनं वाकून (गाडीखाली शिरून नाही, आणि नुसत्या जॅकवर तर कधीच नाही) एकेका जोडावर साबणाचं पाणी मारत गेलो. एका वेळी एकच जोड, मग थांबून ऐकायचं. घाईत सगळ्यावर फवारलं तर आवाज जाईल पण कुठला ते कळणार नाही. डावीकडच्या मागच्या शॅकलवर पाणी पडलं आणि आवाज एकदम बंद. मी भावाला म्हटलं दाब अजून, तो म्हणतो दाबतोयच की.

तिथं इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस काही ओतू नका, त्यानं रबर फुगतं आणि सडतं. तात्पुरतं सिलिकॉन स्प्रे चालतो, पण बुश चिरला असेल तर बदलणंच बरं, आणि डावीउजवी दोन्ही बाजूचे एकदम बदला. आवाज पाट्यांमधनंच येत असेल तर पाटे उकलून तारेच्या ब्रशनं घासून ग्रॅफाइट ग्रीस लावून घेतात. बुश निघत नसेल तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर काढून-बसवून मिळतात, जुना बुश मापाला बरोबर न्या.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीजवळ उभं राहून बघा. शॅकलचे नट शेवटचे कसायचे ते गाडी जमिनीवर उतरवून, वजन चाकांवर आल्यावर. मागचं चाक लोंबकळत असताना कसले तर रबर पिळलेलंच राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. आमचं काम झाल्यावर रंकाळ्याच्या बाजूच्या त्याच स्पीडब्रेकरवरनं, तेवढीच माणसं घेऊन परत गेलो, आईला मुद्दाम मागं बसवली आणि काचा खालीच ठेवल्या.